कागदाखालचा केस

३ सप्टेंबर, मंगळवार

अर्धी मोटार! पुनर्वसन विभागाच्या व्यायामाच्या दालनात, बरोबर मधोमध. खरीखुरी, निळी, मागची बाजू कापून टाकलेली. पक्षाघात झालेले, मणका मोडलेले लोक तिच्यात बसायला-उतरायला शिकतात. मी नुसती बघत उभी राहिले आणि एकदम डोळ्यांत पाणी आलं. पहिल्याच दिवशी! वेडी कुठली.

बाबांचा हात मक्याच्या यंत्रात गेला तेव्हा मी तिसरीत होते. अशाच एका दालनात, अशाच एका अर्ध्या मोटारीत बसून ते पोलादी आकड्याने दार ओढायला शिकले. तेव्हाच मी ठरवलं होतं. कापाकापी इतरांनी करावी. टाके काढून झाल्यावर, फुलं सुकल्यावर, भेटायला येणारे यायचे थांबल्यावर जे काम सुरू होतं ना — ते मला हवंय. दुसरं काही नको.

महिनाभर इथे राबायचं. डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला हेच असतं: जिथे पुढे शिकायचंय तिथे जाऊन महिनाभर मुलाखत देत राहायचं, फक्त तिला मुलाखत म्हणायचं नाही. माझा वर्गमित्र एमेटही इथेच आलाय. दोघांना एकच विभाग हवा, एकच गाव मिळालं, म्हणून घरही एकच घेतलंय भाड्याने. विभागप्रमुख डॉ. लुंडक्विस्ट. उंच, पांढरे केस, आवाज कधीच चढत नाही. त्यांनी सकाळी स्वागत केलं ते असं — "ऑस्टिओपॅथीच्या शाळेतून आम्ही दरवर्षी एखाद्यालाच घेतो. एखाद्यालाच." दोनदा म्हणाल्या. मी एमेटकडे पाहिलं नाही. त्यानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

आमची शाळाही डॉक्टरच घडवते, फक्त हाडं-स्नायू हातांनी तपासायला जास्त शिकवते; तेवढ्यावरून मोठ्या विद्यापीठातून आलेल्या पोरांनी जेवणाच्या सुट्टीत आमचं बारसं केलं. "हाडवैद्य आले रे!" एमेट लगेच म्हणाला, "मान दुखत असेल तर सांग हं, पार पाठीमागे फिरवून देतो." हसले सगळे. तो हे बरं करतो. मला आधी राग येतो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी सुचतं.

४ सप्टेंबर, बुधवार

वादळाच्या भोंग्याची महिन्याची चाचणी आज. कोणी मानही वर केली नाही. फक्त सोळा नंबरच्या पेशंटने खिडकीबाहेर बघून विचारलं, "खरं वादळ आलं तरी हाच भोंगा ना? मग कळणार कसं?"

५ सप्टेंबर, गुरुवार

सोळा नंबर म्हणजे लायल टॅकेट. गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा, उभा जन्म. तीन परगण्यांत त्याच्याइतकी जलद जीभ कोणाची नव्हती म्हणे. आता ए.एल.एस. — स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात, मग स्नायू वाळतात. हात, पाय, जीभ, शेवटी श्वास. औषध नाही. आमच्या विभागात तो बरा व्हायला आलेला नाही. व्हीलचेअर बेतून घ्यायला आणि बायकोला त्याला उचलायचं कसं ते शिकवायला आलाय.

जीभ जड झालीय, तरी गप्प बसत नाही. मला बघून म्हणाला, "ये पोरी, हात दे. गुरांच्या बाजारात हात दिल्याशिवाय सौदा होत नाही." मी हात दिला. त्याचा पंजा म्हणजे रिकामा हातमोजा. अंगठ्याच्या बुडाशी जिथे मांस असतं तिथे खळगा, आणि त्या खळग्यात कातडीखाली काहीतरी सारखं उडत होतं. बारीक. माशी अडकावी तसं.

"दिसलं का?" लायल म्हणाला. "हे थांबत नाही. मी झोपतो, हे झोपत नाही."

८ सप्टेंबर, रविवार

हे लिहावं की नाही कळत नाही. लिहितेच.

आठवडाभर उभं राहून माझी पाठ धरली होती. जेवणाच्या टेबलावर पांघरूण टाकलं आणि एमेटला म्हटलं, बघ जरा. भाड्याच्या घरातली ही एकच वस्तू बरी आहे, ओकचं जाडजूड टेबल, वर बैल झोपवला तरी हलणार नाही. यात नवीन काही नाही. शाळेत तीन वर्षं आम्ही हेच केलं. दर आठवड्याला निम्म्या वर्गाने शर्ट काढून पालथं पडायचं, निम्म्यांनी त्यांच्या पाठी बोटांनी वाचायच्या, मग अदलाबदल. माझी जोडी पहिल्या दिवसापासून एमेट काउल्सशी. माझा कुठला मणका रुसतो हे आईला ठाऊक नसेल, त्याला आहे. लोक काहीबाही विचारतात. सांगून थकले — बाई, सख्ख्या भावाने केस ओढावेत इतपतच आहे ते!

आणि त्याच्या हातांची गोष्टच निराळी. पहिल्या वर्षी आम्हाला एक खेळ दिला होता. टेलिफोनच्या जुन्या पुस्तकाच्या पानाखाली डोक्याचा केस ठेवायचा आणि वरून बोट फिरवून शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान. मग आणखी एक. माझं बोट जिथे आंधळं झालं तिथून एमेटची खरी सुरुवात. डोळे मिटून, ओठ किंचित उघडे. शेवटी सगळा वर्ग त्याच्या टेबलाभोवती, मास्तरही. "या मुलाचे हात खोटं सांगत नाहीत," मास्तर म्हणाले. तेव्हापासून वर्गात वाद झाला की शेवटचा शब्द एमेटच्या बोटांचा.

तर आज ती बोटं माझ्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली थांबली.

"हे काय आहे?"

"काय?"

"थांब. बोलू नकोस. श्वास सोड."

मी सोडला. 

"फडफडतंय इथे काहीतरी," तो म्हणाला. "बारीक. थांबलं. — नाही, आलं परत."

"पापणी उडते तसं असेल. कॉफी जास्त झालीय."

"असेल," एमेट म्हणाला. पण हात काढेना.

९ सप्टेंबर, सोमवार

न्हाणीघरातल्या आरशात मान मुरगळेपर्यंत पाहिलं. काही दिसत नाही. आपली पाठ आपल्याला कधीच दिसत नाही — काय पण रचना!

११ सप्टेंबर, बुधवार

कॉफी बंद केली. काल एमेटला परत बघायला लावलं. परत तेच. "तिथेच आहे. थोडं खाली सरकलंय बहुतेक." मी विचारलं, नक्की? तो म्हणाला, "ब्रिन, मला चुकायचंय गं."

आज अर्ध्या मोटारीत लायलला बसवायचं होतं. बायको नॉर्मा पलीकडून धरून. बसल्यावर त्याने स्टिअरिंगच्या चाकावर मनगटं टेकवली आणि हसला. म्हणाला, "सुरुवात इथूनच झाली, माहितीय? जुना ट्रक माझा. सकाळी किल्ली घातली, फिरवायला गेलो तर फिरेना. मला वाटलं कुलूप गंजलं. तेल सोडलं. मेकॅनिकला चार शिव्या दिल्या! महिनाभर डाव्या हाताने आडवं वाकून किल्ली फिरवत होतो, पण हात बिघडलाय हे डोक्यात आलं नाही. आपल्या हाताचा संशय कोण घेतो?"

नॉर्मा म्हणाली, "जुना हट्टी बैल," आणि त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

घरी आल्यावर दाराची किल्ली मी सावकाश फिरवली. फिरली. परत लावलं, परत फिरवली. शेजारीण खिडकीतून बघत होती.

१२ सप्टेंबर, गुरुवार

जिना चढताना डावा पाय अडखळला. का पायरीच उंच होती?

१४ सप्टेंबर, शनिवार

आईशी फोनवर बोलले. विचारलं, आपल्या घरात कोणाला नसांचं काही होतं का? आई म्हणाली, "तुझ्या बाबांच्या आत्याला होता नसांचा आजार, नवऱ्याच्या जाचाला तेव्हा तसंच म्हणायचे. का गं?" पेशंटबद्दल विचारतेय म्हटलं. मागून बाबांचा आवाज आला — मका वाळत आलाय, यंदा लवकर काढणार, पोरीला विचार कधी येतेस. आकडा टेबलावर आपटल्याचा आवाज. तो आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले. आज ऐकवेना.

समजा खरंच असलं तर? मी पंचवीस वर्षांची आहे. लायलला तरी साठी गाठायला मिळाली, नातवंडं बघायला मिळाली. मला डॉक्टरसुद्धा होता येणार नाही. झाले तरी पेशंटला उचलता येणार नाही, गुडघ्यावर ठोकायची हातोडी धरता येणार नाही, आणि एक दिवस त्या निळ्या मोटारीत मला कोणीतरी बसवेल. कोणीतरी विद्यार्थी. पाठीमागून धरून, "छान, छान, आता डावा पाय" म्हणत.

भीती वाटते. दुसरा शब्द नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

राऊंडला डॉ. लुंडक्विस्टसमोर हातोडी हातातून पडली. फरशीवर असा खणखणाट झाला की पेशंट दचकला. बाई खाली वाकल्या, स्वतः उचलली, माझ्या हातात दिली. "झोप नीट होते का तुमची?" हो म्हटलं. खोटं.

एमेटने पुढे होऊन ती तपासणी पूर्ण केली. गोड हसून, पेशंटशी बेसबॉलवर बोलत. विद्यापीठवाल्यांपैकी एक म्हणाला, "हाडवैद्यांत एक तरी कामाचा निघाला."

दुपारी व्हरांड्याच्या वळणावर एमेट आणि डॉ. लुंडक्विस्ट दोघंच उभे दिसले. तो काहीतरी हळू आवाजात सांगत होता, त्या मान हलवत होत्या. मला बघितलं आणि तो गप्प झाला. चक्क वाक्य अर्धं सोडून!

एखाद्यालाच घेतात. एखाद्यालाच.

१८ सप्टेंबर, बुधवार

डोक्यात एक किडा शिरलाय आणि निघत नाही. माझ्या पाठीत काही आहे हे कोण म्हणतं? एमेट. मला दिसतं का? नाही. दुसऱ्या कोणाला लागलं का? दुसऱ्या कोणाला मी दाखवलंच नाही. आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली, हातोड्या पडायला लागल्या, बाईंच्या नजरेतून मी उतरले. कोणाच्या पथ्यावर पडलं हे?

लिहिल्यावर घाण वाटतंय. पण लिहिलंय तर असू दे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

भांडलो.

मी जेवताना सरळ विचारलं, "बाईंना काय सांगत होतास?" तो म्हणाला, नंतर सांगेन. मी म्हटलं, आत्ता. तो म्हणाला, "ब्रिन, जरा धीर धर ना." बस्. एवढ्यावर माझा तोल गेला. म्हटलं, तुला जागा हवीय तर माझ्याशी लढून घे. माझ्या पाठीत भुतं कशाला सोडतोस? तुझ्या त्या सोन्याच्या बोटांवर सगळा वर्ग नाचायचा, आता मलाही नाचवतोस!

त्याचा चेहरा उतरला. काटा ताटात ठेवत होता तो खाली पडला, टेबलाखाली. उचललाही नाही. "तुला असं वाटतं?" म्हणाला.  तो उठून खोलीत गेला. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. नाही आपटलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

गाडीत सोबत जातो-येतो, बोलत नाही. आज धुकं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेला मका उभा आणि त्यातून एखादं यंत्र दिवे लावून चाललेलं, दिसत नाही, फक्त घरघर. एमेटने गाडी सुरू करताना डावा हात चाकाखालून आडवा घालून किल्ली फिरवली. हे नवीन नखरे! लायलची गोष्ट मीच त्याला सांगितली होती. मला चिडवायला करतोय का? अशी थट्टा? मी खिडकीबाहेर बघत राहिले.

२२ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेले. कधी नाही ते! मागच्या बाकावर बसले. प्रार्थना काही आठवेना, म्हणून नुसतं "मी नको, मी नको" म्हणत राहिले. मग वाटलं, मी नको म्हणजे दुसरं कोणीतरी का? देवाला असं कसं सांगायचं? शेजारच्या म्हाताऱ्याने भजनाचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. त्याला वाटलं मला पान सापडत नाहीये.

२४ सप्टेंबर, मंगळवार

लायलची खुर्ची आली. उद्या-परवा घरी जाणार. सगळ्यांना बोलावून हात देतोय. एमेटला हात दिला आणि सोडेना, धरूनच ठेवला. एमेट हसत म्हणाला, "काका, सौदा झाला की सोडतात." लायल हसला नाही.

एमेट गेल्यावर मला म्हणाला, "त्या पोराची मूठ कशी आहे गं?"

आमचं भांडण याच्याही कानावर गेलं की काय! मी तोडून म्हटलं, "अख्ख्या शाळेत त्याच्यासारखे हात नाहीत."

"हं," लायल म्हणाला.  मी चादर नीट केली आणि आले.

२५ सप्टेंबर, बुधवार

उद्या डॉ. लुंडक्विस्ट विद्यार्थ्यांना नसांची चाचणी दाखवणार. हे काम आमच्याच विभागाचं. स्नायूत सुई घालायची, सुई यंत्राला जोडलेली, यंत्राला स्पीकर. स्नायू जे बोलेल ते ऐकायचं. दरवर्षी विद्यार्थ्यांपैकीच कोणीतरी टेबलावर झोपतं. धडधाकट माणसाचं कसं ऐकू येतं ते कळायला. बाईंनी यादी न बघता सरळ म्हटलं, "ब्रिन, तुम्ही झोपाल का उद्या?"

हो म्हणाले. नाही कसं म्हणणार? सगळ्यांसमोर.

म्हणजे उद्या कळेल. विद्यापीठाच्या पोरांसमोर, स्पीकरवरून.

बाबांना फोन लावला आणि उचलायच्या आत ठेवून दिला.

२६ सप्टेंबर, गुरुवार

क्रमाने लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

छोटी खोली. यंत्र जुनं, पडदा हिरवा. आधी बाईंनी लायलचं ऐकवलं. तो कबूल झाला होता, "माझा शेवटचा लिलाव" म्हणाला. सुई आत गेली आणि स्पीकरमधून टप्... टप् टप्... टप्. पत्र्याच्या गोठ्यावर मोठे थेंब पडायला लागावेत तसं. लायलने हात खुर्चीच्या हातावर सैल टाकलेला, काहीच करत नव्हता, आणि तरी ते चाललेलं. कोणी हसलं नाही. "नस मरायला लागली की स्नायू असा एकटाच बडबडतो," बाई म्हणाल्या. "आणि धडधाकट स्नायू, काम नसेल तर?" कोणाला माहीत नव्हतं. मला होतं. मी म्हटलं, "गप्प असतो."

"झोपा," बाई म्हणाल्या.

दंडात सुई. मी डोळे मिटले. टप् यायची वाट बघत होते. नाही आलं. पोटरीत. नाही. अंगठ्याच्या बुडाशी — ही सुई दुखते, बापरे! — नाही. मग मीच म्हटलं, आवाज माझाच वाटेना, "बाई, डाव्या खांद्याच्या पात्याखाली बघाल?"

"बघणारच होते," त्या म्हणाल्या.

पालथी झाले. सुई. बाईंनी स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला. नुसती हवेची खरखर. सुई दुसऱ्या जागी. तिसऱ्या. खरखर.

"झोपलेलं आहे," डॉ. लुंडक्विस्ट म्हणाल्या. "तान्ह्या बाळासारखं. काही नाही तिथे, ब्रिन. काहीही नाही."

मी टेबलावरच रडले. विद्यापीठवाले बघत होते, बघू देत! लायल खुर्चीवरून ओरडला, म्हणजे त्याला जमेल तसं — "एक वार! दोन वार! — गेली घरी!"

बाईंनी एमेटला विचारलं, आता तुम्ही? शाळेत कुठलीही नवी सुई निघाली की पहिला बाही वर करणारा हा. आज हात काखेत घालून मागे सरकला. "सकाळपासून पोटात काही नाही, बाई, चक्कर येईल मला." सगळे हसले. मीही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

मी ठणठणीत आहे. मी ठणठणीत आहे! जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. पाय अडखळला नाही. हातोडी पडली नाही. सगळं भीतीचंच होतं की काय?

लायल घरी गेला. व्हॅनमध्ये खुर्ची चढवताना मला म्हणाला, "तुझ्या मित्राला माझ्याकडे पाठव. कधीही. बसू दोघं." कशाला, विचारलं. "असंच," म्हणाला. नॉर्मा त्याच्याकडे न बघता पट्टे आवळत होती.

डॉ. लुंडक्विस्टनी संध्याकाळी खोलीत बोलावलं. मला वाटलं, जागेबद्दल. नाही. म्हणाल्या, "तुम्हाला सांगायला हवं. तुमची चाचणी घ्या असं मला तुमच्या मित्राने सुचवलं. म्हणाला, ती घाबरलीय आणि विचारायला लाजेल. वर्गासमोरचं प्रात्यक्षिक म्हणून केलंत तर तिला विचारावं लागणार नाही. आणि म्हणाला, निकाल काहीही आला तरी जागेचा विचार करताना तो धरू नका." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत असं सांगायला माझ्याकडे कोणी आलं नव्हतं."

वळणावर हे बोलत होता तो. हे! आणि मी काय काय लिहिलं वर. फाडून टाकावंसं वाटतंय ते पान. नाही फाडणार. वाचत राहीन.

२८ सप्टेंबर, शनिवार

माफी मागितली. एमेट म्हणाला, "मागू नकोस, मीच घाबरवलं तुला. माझीच बोटं चुकली." आणि रडवेला हसला. मी त्याला मिठी मारली. बरं वाटलं, आठवडाभराने माणसात आल्यासारखं.

बेत केला — चिली, म्हणजे घेवड्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल, शाळेतल्या शुक्रवारच्या जेवणासारखा. घेवड्याचे डबे मलाच उघडायला लावले. "तू कर, मी कांदा बघतो." कांद्याचे तुकडे असले जाडे, की मी म्हटलं, चांगला सर्जन होशील! तो म्हणाला, म्हणूनच इकडे आलोय. खूप हसलो.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "एकदा बघू का? शेवटचं. माझ्या मनाच्या समाधानासाठी." मी आनंदाने पांघरूण टाकून टेबलावर पालथी पडले. आता कसली भीती! त्याने तळहात घासून गरम केले, नेहमीसारखे. उजवा हात पात्याखाली ठेवला.

मी काहीतरी बडबडत होते, घरी जायचं, मका, बाबा. मग लक्षात आलं की तो उत्तर देत नाहीये.

"एमेट?"

"आहे अजून," तो म्हणाला.

"काय वेडा आहेस का! तीन ठिकाणी सुई घातली बाईंनी. स्पीकर फुटेपर्यंत आवाज वाढवला. काही नाही तिथे!"

"मला माहितीय. मी होतो तिथे." हात तसाच. "पण मला लागतंय, ब्रिन. आत्ता. पहिल्यापेक्षा जास्त."

मी उठून बसले. चिडले, खरं म्हणजे. त्याने हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने झाकला, थंडी वाजल्यासारखा. मी म्हटलं, झोप आता, दमलायस.

आणि मग भांडी घासताना, खरकट्या पातेल्यात हात असताना, मला लायलचा खळगा आठवला. मग किल्ली. मग काटा. डबे. कांदा. बाईंच्या टेबलापासून मागे सरकणं. आणि लायलचं ते "हं." एकेक करून आठवत गेलं, आणि नळ वाहतच राहिला.

त्याचे हात खोटं सांगत नाहीत.

२९ सप्टेंबर, रविवार

न्याहारीआधी टेबलावरचं पांघरूण काढलं. एमेटला म्हटलं, माझ्या पाठीवर नको. इथे ठेव. लाकडावर. तो हसला, माझ्याकडे पाहिलं, आणि हसायचा थांबला. उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. डोळे मिटले, केस शोधताना मिटायचा तसे.

मी शेजारी माझा तळहात टेकवला; लाकूड गार, गप्प.

"इथेही आहे," तो म्हणाला.